माझं लेबल मराठीत होतं, म्हणून माझा ब्रेड उचलायला लावला

प्रति,
माननीय मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी घरच्या ओव्हनवर गव्हाचा आणि नाचणीचा ब्रेड करून विकते. छोट्या अन्न व्यावसायिकाची नोंदणी रीतसर केली आहे, वर्षाचे 100 रुपये भरले आहेत. गेल्या रविवारी बचतगटांच्या प्रदर्शनात तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी सगळी पाकिटं टेबलावरून उचलायला लावली. का, तर लेबल मराठीत होतं.

त्या लेबलवर काय नव्हतं ते मला कुणी सांगावं. हिरव्या चौकटीत हिरवा गोल होता. खाली घटक, जे जास्त ते आधी: गव्हाचं पीठ, पाणी, गूळ, शेंगतेल, मीठ, यीस्ट. ‘यात गहू व शेंगदाणा आहे’ ही ओळ ठळक. वजन, बॅच, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावा, किंमत, चौदा आकडी नोंदणी क्रमांक. वजन लिहायचं म्हणून मी 450 ग्रॅमचा गोळा घेते, कारण भाजून गार होईस्तोवर तो 400च्या आसपास येतो आणि गिऱ्हाइकाला एक ग्रॅमही कमी जाऊ नये. शेंगदाण्याची ओळ तर मला कायद्याआधीपासून पटलेली आहे. ज्या पोराला शेंगदाणा चालत नाही त्याच्या आईला ते कळलंच पाहिजे. लेबल नको असं मी कधीच म्हटलेलं नाही.

पण केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग विनियमांत लिहिलंय की मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा. दुसरी भाषा चालेल, पण जोडीला. म्हणजे महाराष्ट्रात, मराठी बाईनं, मराठी गिऱ्हाइकाला विकलेल्या ब्रेडवर नुसती मराठी चालत नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा केवढे फलक लागले होते! त्या अभिजात भाषेत ‘गव्हाचं पीठ’ लिहिलं तर माल उचलायचा? माझ्या गिऱ्हाइकांत निम्म्या तरी म्हाताऱ्या बायका असतील. इंग्रजी लेबल त्या वाचणार कशा?

‘नियम केंद्राचा आहे, आम्ही काय करणार?’ असं साहेब म्हणाले. मग केंद्राला कळवायचं कुणी? मी? मागच्या वर्षी महिला मेळाव्यात व्यासपीठावरून एका अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं, लेबलचा नमुना प्रत्येक गटाला देऊ, मोफत शिबिर घेऊ. त्याचं काय झालं? नमुना आला नाही, शिबिर झालं नाही, तपासणी मात्र वेळेवर आली.

माझ्या ब्रेडमध्ये टिकवायचं काही घातलेलं नसतं. उकाड्यात तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. रविवारचा सगळा माल मंगळवारी गोठ्यात गेला. ओव्हन पतसंस्थेच्या कर्जाचा आहे, हप्ता चुकत नाही. मिस्टरांचं डायलिसिस चालू आहे. पहाटे उठून कणीक मळायची, ती फुगेपर्यंत त्यांचं आवरायचं, मुलीला शाळेत सोडून यायचं, मग घरोघरी पाकिटं द्यायची. रविवारी सगळ्यांदेखत पाकिटं पिशवीत भरताना मान वर करवेना. शेजारच्या स्टॉलवरच्या ताई रडायला लागल्या, कारण त्यांच्या चकलीचं लेबलही मराठीतच होतं.

आणि तो पत्ता. वजनमापवाल्यांच्या नियमाप्रमाणे पाकिटावर पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापावा लागतो. कंपनीला हे ठीक आहे, तिथं ऑफिस असतं, वॉचमन असतो. माझा पत्ता म्हणजे माझं घर. नंबर छापला तेव्हापासून रात्री-अपरात्री कोणाकोणाचे फोन येतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरात वयात येणारी मुलगी आहे. नोंदणी क्रमांकावरून तुमच्या खात्याला माझं घर सापडतं ना? मग ते सगळ्या बाजाराला कशाला दाखवायचं?

पोषणमूल्यांचंही तसंच. एक साहेब म्हणतात प्रयोगशाळेतून तपासून आणा, दुसरे म्हणतात हिशोब करून लिहा. लेखी कुणीच देत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2017 ची कोष्टकं आहेत, त्यांत गहू, नाचणी, गूळ, सगळं आहे. त्यावरून काढलेले आकडे चालतात की नाही, एवढं सांगायला कागद किती लागतो? एका तपासणीला माझी कित्येक दिवसांची कमाई जाते, आणि चुकलं तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 52 खाली 3 लाखांपर्यंत दंड. तीन लाख मी आयुष्यात एकगठ्ठा पाहिलेले नाहीत.

आता मोठ्यांचं बघा. 2016 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने ब्रेड-पावाचे 38 नमुने तपासले आणि 84 टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट, म्हणजे पाव फुगवायला पिठात घालायची, तब्येतीला घातक मानलेली रसायनं, सापडलं. त्यानंतर कुठे ब्रोमेटवर बंदी आली. तोवर आपण सगळ्यांनी ते खाल्लं. साखर, मीठ, चरबी किती ते पाकिटाच्या दर्शनी बाजूला दाखवायचा मसुदा सप्टेंबर 2022 मध्ये निघाला. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तीन महिन्यांत शिफारशी द्या. कंपन्यांसाठी मसुदे, समित्या, हरकती, मुदतवाढ. माझ्यासाठी रविवारी सकाळी अकरा वाजता ‘माल उचला’. प्रदर्शनाच्या फाटकाबाहेर त्याच वेळी वडापाव वर्तमानपत्रात बांधून मिळत होता, ज्याला नियमानेच बंदी आहे. तो गाडीवाला माझ्यासारखाच पोटासाठी राबतो, त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो ज्याचा आवाज लहान त्यालाच पकडणाऱ्या या कारभारावर. निवडणुकीत आम्ही लाडक्या बहिणी असतो आणि तपासणीत आरोपी.

तुमच्याकडून मला अनुदान नको. नुसतं मराठी लेबल ग्राह्य धरा असं केंद्राला लिहा आणि ते पत्र जाहीर करा. घरून धंदा करणाऱ्या बाईच्या पाकिटावर घराच्या पत्त्याऐवजी नोंदणी क्रमांक चालेल का, हे संबंधित खात्याला विचारा. पोषणमूल्यांचा हिशोब चालतो की नाही ते एका पानावर, सहीनिशी, प्रत्येक तालुक्याला पाठवा. आणि तो कबूल केलेला नमुना द्या.

दिवाळीच्या प्रदर्शनाची नोंदणी सुरू झाली आहे. स्टॉलचे पैसे भरायचे की नाही, हे तुमच्या उत्तरावर ठरेल. उत्तर लेखी द्यावं, मराठीत.

आपली,
एक घरगुती ब्रेड विक्रेती