नोबेलचे ‘विजेते’ नव्हेत, मानकरी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर ऑक्टोबरात नोबेल पुरस्कार जाहीर होतात आणि ‘नोबेल विजेते’ असा मथळा वाचायला मिळतो. त्या जागी ‘नोबेलचे मानकरी’ छापावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

इंग्रजीत या मंडळींना ‘लॉरिएट’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला. लॉरेल हे भूमध्य समुद्राच्या काठचे सदाहरित झाड. त्याला तमालपत्र म्हणून मोकळे होऊ नये. कुळ एक असले तरी झाडे वेगळी. तमालपत्राच्या पानावर देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा धावतात, लॉरेलच्या पानात मध्ये एकच.

हे झाड अपोलो या ग्रीक देवाचे. अपोलो डॅफ्नीच्या मागे लागला, तिने सुटकेसाठी आपल्या नदीरूप पित्याचा धावा केला आणि ती झाड झाली, अशी कथा आहे. अपोलोने मग त्याच झाडाची पाने मस्तकी धारण केली. एका मुलीच्या नकारातून उगवलेले झाड सन्मानाचे चिन्ह ठरावे, हे मला फार खटकते. पण अपोलो काव्य-संगीताचा देव, म्हणून डेल्फीला त्याच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धांत लॉरेलचा मुकुट मिळे. (ऑलिंपियाला मिळे तो रानऑलिव्हचा. दोन्हींची नेहमी गल्लत होते.) पुढे विजयी रोमन सेनापतीही लॉरेल मिरवू लागले.

म्हणजे हा मुकुट आधी जिंकणाऱ्यांचाच होता, हे खरे. मात्र १३४१ साली रोममध्ये पेत्रार्क या कवीला तो समारंभपूर्वक घातला गेला, तेव्हा त्याने कोणाला हरवले नव्हते. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने ड्रायडन या कवीला ‘पोएट लॉरिएट’, म्हणजे राजकवी, नेमले, तेही स्पर्धा घेऊन नव्हे. शब्दातला जय मागे पडला, गौरव राहिला. नोबेलने घेतला तो हा अर्थ. साहित्याच्या नोबेल पदकावर आजही लॉरेलच्या झाडाखाली बसून काव्यदेवतेचे गाणे टिपून घेणारा तरुण कोरलेला असतो.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नोबेलची कात्रणे फलकावर लावते. सातवीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, यांनी कोणाला हरवलं?” मथळा वाचून तिला पडलेला प्रश्न अगदी रास्त होता. नोबेलला स्वतःहून अर्ज करता येत नाही, स्वतःचे नाव सुचवले तर ते विचारात घेत नाहीत, आणि कोणाची नावे सुचवली गेली हे ५० वर्षे गुप्त राहते. आपण शर्यतीत आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, तो विजेता कसा? आल्फ्रेड नोबेल यांच्या १८९५ च्या मृत्युपत्रातही कसोटी आहे ती मानवजातीच्या हिताची.

फ्रेंच लेखक सार्त्र यांचे उदाहरण तर बोलके आहे. १९६४ मध्ये त्यांनी साहित्याचे नोबेल नाकारले, तरी त्या वर्षाच्या नोंदीत नाव त्यांचेच आहे. मान देऊ केला गेला, एवढी गोष्ट नकाराने पुसली जात नाही. ‘विजेता’ या शब्दात हे बसवता येत नाही. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला १९१७ आणि १९४४ या वर्षांचे शांततेचे नोबेल मिळाले, दोन्ही वर्षे महायुद्धाची. तिथे जिंकण्याची भाषा मला कानाला बोचते.

‘मानकरी’ हा शब्द वारकरी, शेतकरी, कष्टकरी यांच्या पंगतीतला, घडणीने अस्सल मराठी. जुन्या काळी मानकरीपण घराण्यात वारशाने चाले, म्हणून काहींना तो सरंजामी वाटेल. मला तसे वाटत नाही. आज आपण ‘पुरस्काराचे मानकरी’ सहज म्हणतो आणि कोणाच्या मनात वतन येत नाही. ‘विजेता’ खेळाच्या पानावर खुशाल राहू द्यावा, तिथे तो चपखल आहे.

१० डिसेंबरला, नोबेल यांच्या स्मृतिदिनी, पुरस्कार प्रदान होतात. त्या बातमीपासून हा बदल करता आला तर फार बरे होईल. आमच्या फलकावरच्या कात्रणांचे मथळे मुले मोठ्याने वाचतात.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका