मावशी, सत्कार नको म्हणालात, म्हणून हे पत्र

प्रिय मावशी,

सलाम.

आपल्या चर्चची शब्बाथशाळा (मुलांची रविवारची शाळा) आणि भगिनी मंडळ, दोन्हींची जबाबदारी तुम्ही एकदमच सोडलीत. वर शाल-श्रीफळाचा ठराव चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळापुढे येण्याआधीच हाणून पाडलात. "शाली घरात पडल्यात आणि नारळ मला चावत नाही," हे तुमचं उत्तर एव्हाना सगळ्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना, पाठ झालंय. चारचौघांत बोलू देत नाही म्हटल्यावर चारचौघांत लिहिणं आलं. तुमचं नाव घालत नाही. घातलं तर येत्या रविवारी माझी धडगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

मी नगरला आले ती यांच्या बदलीमुळे. (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर झालं, पण आपल्या तोंडी नगरच आहे.) मुंबईत आमच्या घरी इंग्रजी उपासनेची सवय. रविवारी नीट कपडे करून जायचं, ठरल्या जागी बसायचं, आशीर्वचन झालं की पाळकसाहेबांशी हात मिळवून घरी. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण मागच्या बाकावर कोण बसतं, त्याच्या घरी कोण आजारी आहे, हे मला कधी माहीत नसायचं आणि माहीत असायला हवं असं वाटायचंही नाही. तुम्ही पहिल्याच भजनाच्या संध्याकाळी माझ्या हातात टाळ दिलेत. मला येत नाही म्हटलं तर म्हणालात, "येत नसेल तर हळू वाजव. पेटी सांभाळून घेईल."

टाळ अजूनही मला बेताचाच येतो. पण त्या भजनांनी मला या गावात रुजवलं, आणि ती भजनं कुठून आली ते मला तुमच्याकडूनच कळलं. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला आणि मग ते नगरला येऊन राहिले, शिकवायला लागले, इतकं मी कुठेतरी वाचलं होतं. तुम्ही त्यापुढचं सांगितलंत. त्याआधी मंडळीत जी गीतं होती त्यांतली बरीचशी परदेशी चालींत मराठी शब्द दाबून बसवलेली. गाताना ऱ्हस्वाचं दीर्घ व्हायचं आणि अर्थ भलतीकडे जायचा. टिळकांनी अभंग आणि ओवी घेतली, म्हणजे जात्यावर आणि देवळाच्या ओट्यावर लोकांच्या ओठी होतंच ते घेतलं. त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळे यांनी याच भागात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. हे सगळं शब्बाथशाळेतल्या पोरांना सांगून झाल्यावर तुम्ही न चुकता जोडायचात, "टिळक आपल्या गावात राहिले म्हणून आपल्याला सूर आपोआप येत नाही. तालीम साडेसहाला." उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकाची तुमची प्रत मी पाहिली आहे. पुठ्ठा केव्हाच गेला, आता वरून कापड शिवलंय.

तरुण संघाच्या मुलांनी गिटार आणि कहोन (पेटीसारखं बसून वाजवायचं तालवाद्य) आणायचं ठरवलं तेव्हा मंडळीत दोन तट पडले. जुन्या लोकांना वाटलं, तुम्ही टाळकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहाल. तुम्ही मुलांना सांगितलंत, आणा काय आणायचं ते, पण तिसऱ्या बाकावरच्या आजींना टाळी धरता आली पाहिजे. एवढी एकच अट. मुलांनी लय उतरवली, आजी टाळी धरायला लागल्या, आणि भांडण कधी संपलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

या सगळ्याहून मला तुमची आठवण येईल ती हंगामाच्या सणाला. बाहेरच्यांना हा सण माहीत नसतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. खरिपाचं पीक घरात आलं की एका रविवारी मंडळी आपापल्या घरातलं पहिलं काहीतरी घेऊन येते. खेड्यांवरून बाजरी, कांदे, भोपळे, शेंगा, कधी पाय बांधलेली कोंबडी. शहरातल्या लोकांकडून लोणच्याची बरणी, केक, हाताने विणलेला स्वेटर. सगळं वेदीपुढे रचलं जातं. त्या दिवशी चर्चमध्ये फुलांपेक्षा कांद्याचा वास जास्त असतो. उपदेशाच्या ऐन मध्यात कोंबडी ओरडते आणि पाळकसाहेब ऐकू न आल्यासारखं करतात. उपासना संपली की आवारात लिलाव, आणि लिलाव पुकारणार तुम्ही.

एका अंड्याची किंमत किती? तुमच्या हातात पडलं की त्याच्या किमतीला मोजमाप राहत नाही. कुणीतरी बोली लावून घ्यायचं, पैसे द्यायचे आणि अंडं परत दान करायचं; तुम्ही ते पुन्हा पुकारायचं. तेच अंडं दुपारपर्यंत आवारभर फिरतं. बोली लावायला बिचकणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही नावाने हाक मारून उभं करता, आणि दुसऱ्याच मिनिटाला एखाद्या मजूर बाईने पाच रुपये म्हटलं की घाईघाईने "पाच एक, पाच दोन, पाच तीन, गेला भोपळा!" करून मोकळ्या होता. वर कुणाला बोलू देत नाही. ही लबाडी आहे हे सगळ्यांना कळतं आणि सगळे त्यात सामील असतात. पंचमंडळाच्या हिशेबात त्यामुळे किती तूट येते मला ठाऊक नाही. पण त्या भोपळ्याची भाजी ज्या घरात झाली, त्या घरातली मुलं पुढे शब्बाथशाळेत आली, हे ठाऊक आहे.

ख्रिस्ती माणसाने आनंदी असलं पाहिजे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. खरं सांगू का, मला ते वाक्य आवडायचं नाही. दुखत असताना हसून दाखवा, नाहीतर तुमचा विश्वास कच्चा, असा त्याचा रोख वाटायचा. अजूनही काही ठिकाणी तसाच असतो. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायावर तुम्ही भगिनी मंडळात बोललात, त्या दिवशी ती अढी सुटली. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा," हे वचन आपण पाट्यांवर रंगवतो, कॅलेंडरवर छापतो. तुम्ही म्हणालात, दोनच ओळी वर जाऊन बघा. वर काय आहे? युवदीया आणि सुंतुखे. एकाच मंडळीतल्या दोन कष्टाळू बाया, आणि त्यांचं आपसांत पटत नाही. ते पत्र लिहिणारा, बंदीत पडलेला पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो, जवळच्या माणसाला या दोघींना मदत कर म्हणून सांगतो, आणि लगेच आनंदावर येतो. "आधी भांडण काढलंय त्याने, मग आनंद," तुम्ही म्हणालात. खोलीत एकदम शांतता झाली, कारण आमच्यातल्या कोणत्या दोघी त्या दोघींच्या जागी होत्या ते सगळ्यांना माहीत होतं.

आणि त्याच नाताळात तुम्ही त्या दोघींना करंज्यांवर बसवलंत. समोरासमोर, एका पोळपाटावर. एकीने पारी लाटायची, दुसरीने सारण भरून कातायचं. आम्ही बाकीच्या चकल्या आणि शंकरपाळ्यांच्या निमित्ताने कान लावून बसलो. तासभर दोघी गप्प. मग एकजण म्हणाली, "सारण कमी भरताय." दुसरी म्हणाली, "पारी जाड आहे." बस्स. त्यानंतर त्या खूप जिव्हाळ्याच्या मैत्रिणी झाल्या असं काही नाही. अजूनही एका रिक्षात बसत नाहीत. पण दरवर्षी पोळपाट तोच असतो, आणि एक आली नाही तर दुसरी विचारते. आपल्या मंडळीत रुसवे नाहीत, निवडणुकीतली कटुता नाही, असं म्हणणारा माणूस एकतर नवा असेल किंवा झोपलेला. तुम्ही ते झाकलं नाहीत, आणि त्यापायी कुणाचा फराळही थांबू दिला नाहीत.

तो फराळ कुठे कुठे जातो याची तुमची वही आहे. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकातला आठवा अध्याय तुमच्या फार आवडीचा. नियमशास्त्राचं वाचन ऐकून लोक रडायला लागतात, आणि त्यांना सांगितलं जातं की रडू नका, जा, चांगलंचुंगलं खा, आणि ज्यांच्या घरी काही तयार केलेलं नाही त्यांना वाटे पाठवा. तुमची वही म्हणजे त्या शेवटच्या भागाची अंमलबजावणी. त्यात मंडळीच्या सभासदांची नावं आहेत तशी शेजारच्या वॉचमनची, भंगारवाल्याच्या कुटुंबाची, आणि मंडळीशी भांडून बाहेर पडलेल्या त्या गृहस्थांचीही आहेत. त्यांच्या घरी डबा घेऊन कोण जाणार यावर दरवर्षी टंगळमंगळ होते आणि दरवर्षी तुम्हीच जाता.

माझे वडील गेले तेव्हाचं लिहायचं की नाही, हे ठरत नव्हतं. थोडक्यात लिहिते. घरात चूल बंद होती. लोक येत होते, देवाची इच्छा म्हणत होते, ते चांगल्या ठिकाणी गेले म्हणत होते. एक भले गृहस्थ मला आनंदाविषयीचीच वचनं वाचून दाखवायला लागले. तुम्ही पिठलं-भाकरीचा डबा ओट्यावर ठेवलात, त्यांच्याकडे वळून म्हणालात, "भाऊ, दूध संपलंय, जरा आणता?" आणि ते गेल्यावर दार लोटून माझ्याशेजारी बसलात. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असं रोमकरांस पत्रात लिहिलंय. त्या दिवशी तुम्ही त्यातलं एक अक्षर उच्चारलं नाहीत. माझ्या आईला मात्र विचारलंत, यांना कोणतं गीत आवडायचं? तिने सांगितलं. तुम्ही ते अगदी खालच्या पट्टीत सुरू केलंत. दुसऱ्या कडव्याला आई म्हणायला लागली. गृहस्थ दूध घेऊन परत आले तेव्हा दारात उभे राहून तेही गात होते, हे मला नंतर आईने सांगितलं.

या सगळ्यासाठी मावशी, मनापासून आभार. माझ्या मुलीचे वेगळे. तिला ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत सगळ्यात पुढे चालू दिलंत, आणि ती होसान्ना ओरडताना अडखळली तेव्हा तुम्ही तिच्याहून मोठ्याने ओरडलात.

आता कामाचं. भगिनी मंडळाचं यंदा आम्ही चौघींनी मिळून घ्यायचं ठरवलंय. लिलाव पुकारायला तरुण संघातला एक मुलगा तयार झालाय. आवाज चांगला आहे, पण कुणाला बोलीसाठी उठवायचं आणि कुणासाठी पाचवरच थांबायचं हे त्याला कळत नाही, तेव्हा एक संध्याकाळ त्याच्याबरोबर बसा. सामानाच्या कपाटाची दुसरी किल्ली तुमच्याकडेच असावी, आमच्याकडची लागत नाही. वही द्याल का? नको असेल तर राहू दे, मी येऊन उतरवून घेते. त्या बाहेर पडलेल्या गृहस्थांकडे डबा घेऊन यंदा मी जाईन, पण पहिल्या वेळी तुम्ही बरोबर या. त्यांच्या घरचं कुत्रं फक्त तुम्हालाच ओळखतं.

तुमच्या मंडळीतली,
टाळ हळू वाजवणारी