एटीएमच्या वॉचमनसाठी लायसन लागतं, आमच्या बुढीजवळ ठेवलेल्या माणसासाठी काहीच नाही : सामाजिक न्याय मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली. आमच्याकडे आता घरोघरी एकच गत आहे, पोरं चाकणला नाहीतर नागपूरला कंपनीत, वावर मक्त्यानं दिलेलं आणि घरात बुढा नाहीतर बुढी एकटी. हातपाय चालतात तोवर निभते, एकदा लकवा मारला की मग माणूस ठेवा. एजन्सीला फोन लावला की दुसऱ्या दिवशी बाई हजर, पण ती कोण, आधी कुठं कामाला होती, तिथून काऊन निघाली, काही विचारलं की आधार कार्डाची झेरॉक्स पुढे करतात, बस.

माझ्या मोठ्या मायजवळ अशीच बाई ठेवली होती. दादा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा, तर ती मोबाईल असा धरायची की फक्त तोंड दिसावं, आणि मोठी माय काही बोलायला गेली की "आजीला झोप येऊन राहिली" म्हणून कॉल कट. मी एका दुपारी न सांगता गेली तर बुढी खाटेला बांधलेली, लुगड्याच्या चिंधीनं, आणि बांधलेला हात कोणता, तर जो चालतो तोच. मनगटाची कातडी सोललेली, पाठीला जखमा, उशीखाली झोपेच्या गोळ्यांचं पाकीट जे कोण्या डॉक्टरनं लिहून दिलं नव्हतं.

पोलीस ठाण्यात गेलो तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून हातात दिली, वरून म्हणे "पोराले सांगा घेऊन जाय म्हणून". आता साधी मारहाण, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2), अदखलपात्र आहे हे खरं, पण माणसाला खाटेला बांधून ठेवणं हे कलम 127 मध्ये बसते आणि तो दखलपात्र गुन्हा आहे, त्यावर एफआयआर घ्यावाच लागतो. नाही घेतला तर एसपींना पोस्टानं लेखी तक्रार, तिथंही नाही ऐकलं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती फुकट वकील देते, बाईमाणसाला तर उत्पन्नाची अटही नाही, 15100 वर फोन करायचा. हे आम्हाला ठाण्यात कोणी सांगितलं नाही, ओळखीच्या एका वकिलीण बाईनं सांगितलं, म्हणून इथं सगळं लिहून ठेवली, कोणाच्या तरी कामी येईल.

साहेब, 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना, तो सगळा पोरांना आणि वारसदार नातेवाइकांना धरून आहे. पोटगी पाहिजे तर एसडीओकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज, वकील लागत नाही, नोटीस गेल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा, चांगली सोय आहे आणि आमच्याकडं निम्म्या लोकांना ते माहीतच नाही तो भाग वेगळा. पण पगारावर ठेवलेल्या माणसासाठी त्यात काय आहे, तर कलम 24, तेही म्हाताऱ्या माणसाला कायमचं टाकून दिलं तरच, फार तर तीन महिने कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बांधलं, उपाशी ठेवलं, गोळ्या देऊन झोपवलं तर एसडीओच्या न्यायाधिकरणाकडे त्या बाईवर किंवा एजन्सीवर दाद मागताच येत नाही. न्याय संहितेत कलम 357 आहे, असहाय माणसाची देखभाल करायचा करार करून ती जाणूनबुजून न करणं, पण करारच कोणी लिहून देत नाही, सगळं तोंडी आणि फोनपेवर. (म्हणून सगळ्यांना सांगणं आहे, साध्या कागदावर का होईना पण काम, पगार, सुट्टी लिहून सही घ्या.)

आणि एजन्सीचं म्हणाल तर एटीएमसमोर वॉचमन पुरवायला खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्यानं लायसन लागतं, वॉचमनचं पोलीस व्हेरिफिकेशन लागतं, ट्रेनिंग लागतं. आमच्या बुढीला न्हाऊ घालणारं, औषध देणारं, रात्री एकट्या घरात तिच्याजवळ झोपणारं माणूस पुरवायला तसा कोणताच कायदा नाही. 2019 मध्ये केंद्रानं ज्येष्ठांच्या त्या 2007 च्या कायद्यासाठी दुरुस्ती विधेयक आणलं होतं, त्यात घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी होती, ते पास न होताच 2024 मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं. मग राज्यानं आपला कायदा करावा, दिल्लीची वाट कुठवर पाहायची?

त्या बाईबद्दलही एक सांगते. तिनं केलं ते माफ नाही, पण चोवीस तास ड्युटी, महिन्यात एकही सुट्टी नाही, ट्रेनिंग म्हणून एक शब्द शिकवलेला नाही, आणि आम्ही दिलेल्या पैशातले बरेचसे एजन्सीच्या खिशात. लकवा मारलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं हेच तिला माहीत नव्हतं. गुन्हा तिच्यावर होईल, एजन्सीवाला दुसऱ्या घरी दुसरी बाई पाठवून मोकळा. म्हणून नोंदणी एजन्सीची पाहिजे, जबाबदारीही तिचीच धरा, आणि आठवड्याची सुट्टी व ट्रेनिंग त्याच अटीत घाला.

कायद्याला वेळ लागेल हे समजते. पण त्याच 2007 च्या कायद्याखालचे राज्याचे 2010 चे नियम आहेतच ना, ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची, महिन्यातून एकदा कोणी तरी घरी जाऊन यायचं. आमच्या गावात असं कोणी आलेलं मी तरी पाहिलं नाही. पोलीस पाटील आणि आशाताईला सोबत घेतलं तर हे उद्यापासून होते, फक्त त्यांना त्याचा वेगळा मोबदला द्या, आशाताईवर आधीच काय कमी कामं आहेत. आणि भेटायला जाईल त्यानं म्हाताऱ्या माणसाशी एकट्यात बोलावं, ठेवलेल्या माणसासमोर नाही, पांघरूण बाजूला करून हातपाय पाहावेत. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे दीड हजार कोण काढते तेही विचारावं, कारण मशीनवर अंगठा आजोबाचा आणि पैसे दुसऱ्याच्याच हातात, हे गावोगावी सुरू आहे.

आमच्या जिल्ह्यात ही यादी कोणत्या ठाण्यात आहे, शेवटची भेट कधी झाली आणि एजन्सींच्या नोंदणीबद्दल तुमचा विभाग काय करून राहिला, एवढ्याचं उत्तर लेखी द्यावं ही विनंती.

आपली,
एक पुतणी, जि. यवतमाळ