मुक्ता, सोलापूर पाचव्या नंबरावरच राहू दे

सोलापूर,
रात्रपाळी, पहाटेचे साडेतीन

प्रिय मुक्ता,

आठवडाभर नाइट आहे, त्यामुळे मी घरी येते तेव्हा तू झोपलेली असतेस आणि तू उठतेस तेव्हा मी. आपलं बोलणं चहा गाळण्यापुरतंच होतंय. म्हणून हे लिहून तुझ्या निळ्या फाइलवर ठेवतेय. मेडिकल प्रवेशाच्या पसंतीक्रमाचा फॉर्म सबमिट करायच्या आधी वाच.

काल डबा भरताना तुझी वही उघडीच होती. पेन्सिलीने लिहिलेली यादी: केईएम, जेजे, पुण्याचं बीजे, मिरज, मग सोलापूर, त्याखाली लातूर, अंबाजोगाई, धाराशिव. यात मला नवीन काही नव्हतं, पंधरा दिवस तू हाच क्रम सांगत होतीस. पण सोलापूरसमोरचा पाच खोडून तिथं एक लिहिलेला दिसला. खोडरबराचा चुरा अजून पानावर होता.

हे कधी केलंस ते मला लगेच कळलं. परवा जेवताना पप्पा म्हणाले, "घर इथं, सिव्हिल रिक्षानं दहा मिनिटं, कॉलेजही सरकारीच. मग बाहेर राहायचा खर्च कशाला?" तू माझ्याकडं बघितलंस आणि मी भाकरी उलटत राहिले. काही बोलले नाही. खरं सांगते बाळा, मला त्या क्षणी बरंच वाटलं होतं. लेक घरी राहील, रात्री अभ्यासाला बसली की दूध देता येईल, एवढंच डोक्यात आलं. माझं गप्प बसणं तू होकार समजलीस आणि वहीतला आकडा खोडलास. ते मला आज रात्रभर खुपतंय.

आता आधी फॉर्मचं नीट समजून घे, कारण यात पुष्कळ शिकलेली माणसंही फसतात. कॉम्प्युटर गुणवत्ता यादीत वरून खाली येतो. तुझा नंबर आला की तुझी यादी वरून वाचतो आणि ज्या पहिल्या कॉलेजात तुझ्या प्रवर्गाची जागा शिल्लक असेल ती तुला देतो. केईएम पहिलं लिहिलंस म्हणून पाचव्या नंबरावरच्या सोलापूरची तुझी संधी तसूभरही कमी होत नाही. पण सोलापूर पहिलं लिहिलंस आणि ते मिळण्यासारखं असलं, तर पुण्यात तुझ्यासाठी जागा शिल्लक असली तरी कॉम्प्युटर तिथवर वाचणारच नाही.

माझ्याबरोबरच्या एका सिस्टरच्या मुलाचं असंच झालं. कुणीतरी सांगितलं, मागच्या वर्षीचा कटऑफ बघून 'मिळेल ते' वर टाक, उगाच मोठी नावं लिहून फॉर्म वाया घालवू नकोस. त्यानं तसं केलं. पहिल्याच फेरीत त्याला ते कॉलेज मिळालं, घरात पेढे वाटले, आणि घाईघाईत तीच जागा कायम ठेवण्याचा रिटेन्शन फॉर्मही भरून टाकला. नंतर कळलं की त्याच्याहून चौदा मार्क कमी असलेला त्याचाच मित्र बीजेला लागला. कॉलेज वाईट नव्हतं, पोरगा तिथं उत्तम शिकतोय. पण ती यादी त्याच्या मनाची नव्हती, आणि ते तो अजून विसरलेला नाही.

म्हणून कटऑफच्या त्या पीडीएफ आता मिटव. कटऑफ मागच्या वर्षीच्या मुलांनी ठरवला, या वर्षीचा तुम्ही ठरवणार. आणि मावशीचा सल्लाही जरा बाजूला ठेव. त्यांच्या मुलाच्या वेळी सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा होता, म्हणजे सत्तर टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना आणि तीस टक्के बाकी राज्याला; तो २०२० मध्ये रद्द झाला. मराठवाड्यातली मुलं आता बरोबरीनं पुणे-मुंबई मागतात आणि आपल्यालाही लातूर, अंबाजोगाई तितकंच मोकळं आहे. जुना हिशेब आता लागू पडत नाही.

हे झालं फॉर्मचं. कॉलेजाचं काय बघायचं ते मी बावीस वर्षं वॉर्डात उभी राहून शिकले, तेवढं मला सांगू दे.

तुम्ही मुलं इमारत बघता, हॉस्टेलच्या खोल्यांचे व्हिडिओ बघता. मी म्हणते सकाळी नऊ वाजता ओपीडीच्या दारात जाऊन उभं राहा. केसपेपरची रांग कुठपर्यंत गेलीय बघ. मग वॉर्डात जा आणि इंटर्न काय करतायत ते बघ. काही ठिकाणी इंटर्न म्हणजे रक्ताच्या बाटल्या लॅबला पोचवणारा आणि रिपोर्ट घेऊन येणारा, वर्षभर एवढंच. काही ठिकाणी त्याच्या हातात सुई असते आणि मागं उभं राहून कुणीतरी बघत असतं. साडेचार वर्षं पुस्तक कुठंही तेच असतं ग. शेवटच्या, इंटर्नशिपच्या वर्षात तुझे हात कुणाच्या अंगावर तयार होणार, हे मात्र कॉलेजाप्रमाणं बदलतं.

आत्ताच दीड वाजता घडलेलं सांगते. कर्नाटकातल्या इंडीकडून आठ महिन्यांचं बाळ आलं. दोन दिवस जुलाब. टाळू खोल गेलेली, रडायचं पण डोळ्यात पाणी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसत होती. शीर कुठंच हाताला लागेना. मी दोनदा बघितलं. तेवढ्यात विदर्भातली एक इंटर्न आली, तुझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल. तिनं घाई केली नाही. बाळाचं पाऊल दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली, हातमोजाचं रबर बांधलं, बोटानं चाचपत राहिली आणि सलाइनची बारीक पिवळी कॅन्युला घातली. मागं रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा आम्ही दोघींनी एकदम श्वास सोडला. सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पायाखाली दिला, वरून चिकटपट्टी लावली. मग ती जमिनीवर बाळाच्या आईशेजारी बसली आणि तिला कन्नडमध्ये विचारायला लागली, मोडकंतोडकं.

तिच्या एप्रनच्या खिशात एक छोटी वही आहे. मी मागून पाहिली. देवनागरीत रकाने केलेत. दुखणं, त्यापुढं कन्नड 'नोवू', तेलुगू 'नोप्पी'. खोकला, त्यापुढं 'केम्मू' आणि 'दग्गू'. तिला हे कुणी शिकवलं नाही. पूर्वभागातले विणकर, विडी वळणाऱ्या बायका, विजयपूर-कलबुर्गीकडून रात्रीच्या गाडीनं येणारी माणसं, यांनी तिला ते शिकायला लावलं. मला तिथं उभ्या उभ्या तुझी आठवण आली. तू आज्जीशी कन्नड बोलतेस, शेजारच्या काकूंशी तेलुगूत भांडतेस. इथल्या वॉर्डात तुला तसली वही लागणारच नाही.

म्हणजे सोलापूर मी पाचव्या नंबरावर ठेव म्हणते ते कमी लेखून नाही. आपलं वैशंपायन कॉलेज १९६३ पासून उभं आहे, चार भाषांचे पेशंट एका छताखाली येतात, आणि नुसतं फळ्याकडं बघत बसायला तिथं सवड नसते. नशिबानं तेच आलं तर 'दुसरं काही मिळालं नाही म्हणून' असं तोंड करून जाऊ नकोस. पण यादीत त्याची जागा तुझ्या मनात आहे तीच राहू दे. खर्चाच्या धाकानं किंवा माझ्या मायेपोटी ते वर चढवू नकोस.

मिरजेबद्दल तू विचारलं होतंस. गाव डॉक्टरांचंच, तिथं मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वानलेस साहेबांपासूनचं. तिथलं सरकारी कॉलेज १९६२ चं, आपल्याहून एक वर्षानं थोरलं. पण त्याला मिरजेचं रुग्णालय आहे तसं सांगलीचंही, त्यामुळं पोस्टिंगसाठी ये-जा करावी लागते. बससाठी धावपळ तुला चालणार असेल तर चौथा नंबर बरोबर आहे. अंबाजोगाईला मात्र मी लातूरच्या वर घातलं असतं. खेड्यातली माणसं थेट तिथं येतात, सर्पदंश, फवारणीचं विष पोटात गेलेलं, अडलेली बाळंतीण. तुला शहर आवडतं हे माहीत आहे, तरी एकदा विचार कर. नव्या कॉलेजांचंही ठामपणे सांगते: ज्या रुग्णालयाला जुना ओपीडी लाभलाय ते नवं कॉलेज चांगलं, जिथं आधी इमारत झाली आणि पेशंटची वाट बघणं चाललंय ते टाळ.

पप्पांच्या खर्चाची काळजी करू नकोस. ते कारखान्याचा हिशेब ठेवतात, त्यांच्या तोंडात आधी आकडाच येतो. मी आज डबा देताना त्यांच्याशी बोलले. त्यांना भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकाची आठवण करून दिली. तू चौथीत असताना आपण गेलो होतो, पप्पांनीच तुला हाताला धरून सगळे फोटो वाचून दाखवले होते. १९१० साली सोलापुरात जन्मलेला तो मुलगाही, पुढं डॉक्टर झालेला कोटणीस, शिकायला मुंबईला, केईएमच्या जीएस मेडिकललाच गेला होता ना. पप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हॉस्टेलच्या डिपॉझिटचं बघतो." त्यांचं हे 'बघतो' म्हणजे झालंच, तुला माहीत आहे.

आणि तो पुण्याहून रोज फोन करणारा माणूस, 'मॅनेजमेंटची सीट आहे, आजच टोकन भरा' म्हणणारा, त्याचा नंबर मी ब्लॉक केलाय. अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्या पुढं जातं, ते आपलं नाही. त्यात तुला वाईट वाटून घ्यायचं काही नाही. सरकारी कॉलेजातून झाल्यावर वर्षभर सेवेचा बॉण्ड आहे, तो मला ओझं वाटत नाही. एखाद्या आरोग्य केंद्रात एकटीनं रात्र काढशील तेव्हा तू डॉक्टर झालीस असं मी मानेन.

अखिल भारतीय कोट्याच्या पंधरा टक्क्यांचा निकाल लांबला म्हणून तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत साइट रिफ्रेश करतेस. आज्जीनं सांगितलं मला. तो निकाल तुझ्या बोटानं लवकर लागायचा नाही. आणि एक महत्त्वाचं, हे लाल पेनानं लिहून भिंतीवर लाव: पहिल्या फेरीत जे मिळेल तिथं प्रवेश घेऊन पुढच्या फेरीत गेलीस, तर त्याच्याहून वरची कॉलेजंच यादीत ठेवायची. नवी जागा लागली की जुनी आपोआप जाते, परत मागून मिळत नाही. 'बघू तरी' म्हणून एखादं नाव घालायचं नाही.

सहाची इंजेक्शनं काढायची आहेत, थांबते. बाळानं साडेतीनला शू केली, त्याच्या आईनं मला हाताला धरून नेऊन ओलं दुपटं दाखवलं.

आज नळाचा दिवस आहे, चार दिवसांनी येतोय. पाणी साडेसहाला येईल, मोटर लावून आधी पिण्याचा हंडा भर. नॉन-क्रिमीलेअर आणि जातीच्या व्हॅलिडिटीच्या झेरॉक्स फाइलच्या मागच्या कप्प्यात आहेत, मूळ कागद कपाटात आज्जीच्या साड्यांखाली. तो एक खोड आणि पाच लिही. फॉर्म भरून झाला की मला दाखवायला उठवू नकोस, प्रिंट काढून फाइलला लाव.

तुझी
आई