लॅपटॉपच्या जाहिरातीत वॅटही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की मराठवाड्यात तालुक्याच्या गावांतही लॅपटॉपच्या जाहिराती झळकू लागतात. प्रोसेसरचे नाव, रॅम आणि किंमत ठळक अक्षरांत असते. मात्र तो प्रोसेसर सलग किती वॅटवर चालेल, सोबतचा चार्जर किती वॅटचा आहे आणि यंत्र किती तापमानापर्यंत वापरण्याजोगे आहे, हे त्यात शोधूनही सापडत नाही. एकाच प्रोसेसरच्या दोन लॅपटॉपांपैकी एक झपाट्याने आणि दुसरा रखडत का चालतो, याचे उत्तर बहुतेक वेळा याच तीन आकड्यांत असते.

इंटेलचा आय-फाइव्ह १२३५यू घ्या. जाहिरातीत तो ४.४ गिगाहर्ट्झचा असतो, पण त्याच्या मोठ्या कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या मुख्य गणनाघटकाचा, मूळ वेग १.३ गिगाहर्ट्झ आहे. मूळ वीजमर्यादा १५ वॅट आणि थोड्या वेळापुरती कमाल ५५ वॅट. म्हणजे काम सुरू होताच तो जोर लावतो आणि लवकरच कंपनीने आखून दिलेल्या मर्यादेवर येतो. ही मर्यादा कंपनी आपल्या पंख्याचा व हीटसिंकचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांचा) आवाका पाहून ठरवते आणि ती खोक्यावर छापत नाही.

त्यात आपला उन्हाळा. अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचे तापमान दिलेले असते, आणि परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असताना पत्र्याच्या खोलीत त्याहून थंड हवा कुठून आणायची? प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. खोलीत २५ अंश असतील तर उष्णता बाहेर टाकायला ७५ अंशांचा फरक मिळतो, ४० अंश असतील तर ६० अंशांचाच. म्हणजे पंखा तितकाच फिरला तरी सुमारे एक पंचमांश उष्णता कमी वाहून नेली जाते. हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा थर बसला असेल, किंवा लॅपटॉप गादीवर ठेवून खालची जाळी झाकली गेली असेल, तर ही घट आणखी वाढते.

चार्जरचा घोळ याहून वेगळा, पण लक्षण तेच. मूळ चार्जर बिघडला की बाजारात ‘पिन बसते ना’ एवढेच पाहून दुसरा दिला जातो. ज्या लॅपटॉपला ६५ वॅट, म्हणजे २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर लागतात, त्याला ४५ वॅटचा चार्जर लावला तर काही यंत्रे तूट बॅटरीतून भरून काढतात, काही प्रोसेसरचा वेग उतरवतात. काही तर चार्जर ओळखू न आल्याने पार ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर अडकून बसतात. मोबाइलचा चार्जर लॅपटॉपला लावावा, तर त्यावरील ६७ किंवा ८० वॅटचा आकडा बहुधा त्याच कंपनीच्या मोबाइलपुरता असतो, आणि साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपलीकडे, म्हणजे ६० वॅटच्या वर, नेत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या वेगाचा आकडा आणि चार्जरवरील व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार एवढे पाहिले तरी निम्मे निदान होते. तेवढेही न पाहता ‘व्हायरस आहे, विंडोज मारून देतो’ म्हणत पैसे घेतले जातात, याचा मला खरा राग आहे.

२०१२च्या आदेशाने लॅपटॉप आणि त्याचे अडॅप्टर यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली. ती सुरक्षिततेपुरती आहे. वेगाबद्दल ती काही सांगत नाही. तेव्हा केंद्र सरकारने सलग चालण्याची वीजमर्यादा, चार्जरचे वॅट आणि वापराचे कमाल तापमान खोक्यावर व जाहिरातीत छापणे बंधनकारक करावे. तोवर आपल्या आठ जिल्ह्यांतील महाविद्यालये आणि जिल्हा परिषदांनी मार्चअखेरच्या घाईतल्या खरेदीतही निविदेत हे तीन आकडे मागावेत, आणि यंत्रांची चाचणी वातानुकूलित दालनाऐवजी ती जिथे वापरली जाणार आहेत त्याच खोलीत, किमान अर्धा तास पूर्ण भार देऊन घ्यावी. दुकानदारांनी बदली चार्जरच्या बिलावर त्याचे वॅट आणि मॉडेल क्रमांक लिहून द्यावा. बिलावर तेवढी नोंद असली तर ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना हातात काहीतरी असेल.

आपला,
संगणकाचा एक शिक्षक, परभणी