कृषी सहाय्यक भाऊसाहेबांना, निफाडच्या गव्हाच्या वावरातून

आदरणीय भाऊसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निवृत्तीला गावाने शाल-श्रीफळ दिलं, भाषणंही झाली. पण आमच्या गव्हासाठी तुम्ही नेमकं काय केलंत, हे कुणी बोललं नाही. ते चारचौघांना कळावं म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

तुम्ही आलात तेव्हा आमच्या गोदाकाठी खतावरून दोन तट होते. एक म्हणे, रासायनिक खतांनी जमीन मेली, आता गोणीला हात लावायचा नाही. दुसरा म्हणे, शेणखताच्या भरवशावर गहू पिकवायला आपली गरज पूर्वीएवढीच राहिली आहे का? तुम्ही दोघांचंही ऐकून घेतलंत आणि बोललात ते थंडीबद्दल. निफाडचा पारा बऱ्याचदा राज्यात सगळ्यात खाली जातो, म्हणून इथे गहू चांगला फुटतो. पण त्याच थंडीत जमिनीतले जिवाणू मंदावतात आणि शेणखतातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, सावकाश सुटतं. गव्हाला मात्र ते ठरल्या वेळीच लागतं. ही एवढी गोष्ट पटली आणि भांडणातला जोर गेला.

ठरली वेळ कोणती, ते तुम्ही वावरात दाखवलंत. पेरणीला तीन आठवडे झाले होते. तुम्ही खुरप्याने एक रोप मातीच्या ढेकळासकट उचललंत आणि पाटाच्या पाण्यात अलगद हलवून धुतलंत. खाली बियाण्याची जुनी बारीक मुळं होती. वर, जमिनीच्या अगदी लगत, पांढरी, जाडसर, नुकती फुटलेली मुळं दिसली. ही मुकुटमुळं. ते रोप तुम्ही आम्हा बायकांच्या हातात फिरवलंत आणि म्हणालात, उरलेलं अर्धं नत्र आणि पाणी आत्ता द्या, कारण फुटव्यांचा, म्हणजे बुडातून फुटणाऱ्या नव्या काड्यांचा, हिशेब आत्ता ठरतो. गहू मी लहानपणापासून पाहते, पण त्याची मुळं अशी कधी पाहिली नव्हती. त्या दिवसापासून युरिया कधी टाकायचा हे मी दुकानात विचारत नाही, रोप उपटून बघते.

शेणखताच्या बाबतीत तुम्ही कडक होतात. उकिरड्यातलं खत हातात घ्यायचं, गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते परत खड्ड्यात. अर्धवट कुजलेलं खत वावरात गेलं की ते कुजवायला जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात आणि गहू पिवळा पडतो. शिवाय तणाचं बी आणि मुळं खाणारी हुमणी अळी येते ती वेगळीच. शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी एकरी चार ते पाच टन, तेही काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं, ही तुमची अट होती.

आणि मग वहीतला हिशेब. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२०:६०:४० किलो ही शिफारस, म्हणजे एकरी ४८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि १६ किलो पालाश (पोटॅश). पाच टन शेणखतात साधारण २५ किलो नत्र असतं, पण पहिल्या हंगामात त्यातला तिसरा हिस्साच पिकाच्या हाती लागतो, असं तुम्ही आकडेमोड करून दाखवलंत. म्हणजे शेणखत टाकलं म्हणून युरिया बंद होत नाही आणि शेजाऱ्याने टाकला म्हणून वाढवायचाही नसतो. जास्त नत्राचा गहू कसा माजतो आणि ओंबीच्या वजनाने वाऱ्यात लोळतो, हे आमच्या भागाला सांगायला नको. माती परीक्षणाचा कागद हातात असल्याशिवाय तुम्ही कुणालाच आकडा दिला नाहीत. काहींना तो ताठा वाटला. मला तो प्रामाणिकपणा वाटला, आजही वाटतो.

आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद अडकून बसतं, म्हणून तुम्ही सुपर फॉस्फेट फेकू न देता पाभरीने बियाण्याखाली पेरायला लावलंत. झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्यायला सांगितलंत. हवेतलं नत्र धरणारे ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५ ग्रॅम, किलोभर बियाण्याला चोळायचे, आधी बुरशीनाशक, नंतर जिवाणू, आणि बियाणं सावलीत सुकवायचं. रासायनिक खतात ते कालवायचे नाहीत, हे तर तुम्ही दरवर्षी न कंटाळता सांगत राहिलात.

पहिल्या साली गव्हाच्या उताऱ्यात डोळ्यांत भरेल असा फरक नव्हता, आणि तसं होईल हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. पुढे जमीन बदलत गेली. पाण्याच्या पाळीनंतर वरचा थर पूर्वीसारखा तडकत नाही, कुळव हलका चालतो, आणि खताचा खर्च आता माझ्या वहीत आधी लिहिलेला असतो. नवरा गेल्यावर शेती माझ्याकडे आली तेव्हा बांधावर येणारे बहुतेक जण घरात पुरुष कोण आहे ते विचारायचे. तुम्ही वही मागितलीत. त्यासाठी भाऊसाहेब, तुमचे आभार मानते, मनापासून मानते.

यंदा गव्हाआधीच्या रिकाम्या तुकड्यात हिरवळीच्या खताचा धैंचा पेरला होता, फुलं यायच्या आत जमिनीत गाडला आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं त्र्यंबक वाणाचं बियाणं आणून ठेवलं आहे. मातीचा नमुना तुम्ही शिकवला तसाच काढला, बांध आणि उकिरडा सोडून, नागमोडी चालत. कागद आला की फोन करते. धैंचाचं नत्र किती धरायचं, तेवढं सांगा.

आपली,
गोदाकाठची एक शेतकरी बहीण