रीगल चित्रपटगृहाच्या आठवणी जपण्यासाठी सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

कुलाब्याच्या तोंडाशी १९३३ पासून उभ्या असलेल्या रीगल चित्रपटगृहाविषयी आपल्याकडे एक मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. बोरीबंदरच्या भव्य स्थानकाचे वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे पुत्र चार्ल्स यांनी रीगलची रचना केली. वडिलांनी घुमट, कमानी आणि कोरीव दगड यांत शहराचा दिमाख शोधला, तर मुलाने सरळ रेषांच्या आर्ट डेको शैलीत तो उभा केला. एका घराण्यातल्या दोन पिढ्यांत मुंबई किती बदलली, हे या दोन इमारतींइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. आतील सजावट कार्ल शारा या चित्रकाराची होती. वातानुकूलित प्रेक्षागृह आणि तळघरात मोटारी उभ्या करण्याची सोय त्या काळी नवलाची होती. समोरच्या चौकाला अधिकृत नाव असूनही लोक आजही त्याला रीगलच म्हणतात.

२०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला आणि त्यात रीगलचाही समावेश झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र वारशाच्या चर्चेत बहुधा इमारतीचा दर्शनी भागच येतो, आणि चित्रपटगृहाचे खरे आयुष्य तर आत घडलेले असते. प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरचेच उदाहरण घ्यावे. दोन हजार फुटांचे रीळ साधारण बावीस मिनिटांत संपत असे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर उमटणारा ठिपका पाहून तो दुसरे यंत्र असे सुरू करी की, शेकडो प्रेक्षकांना रीळ बदलल्याचा पत्ताही लागत नसे. ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवली गेली नाही आणि डिजिटल प्रक्षेपण आल्यावर ती ज्यांच्या हातात होती ती माणसे एकेक करून घरी बसली. अंधारात बॅटरीच्या उजेडात जागा दाखवणारे डोअरकीपर, तिकीट खिडकीवरचे कारकून आणि फलक रंगवणारे कलाकार यांच्याही आठवणी अशाच हातातून निसटत आहेत.

आपण याआधी बरेच गमावले आहे. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ जिथे प्रदर्शित झाला ते कॉरोनेशन आणि १९३१ मध्ये ‘आलम आरा’ जिथे लागला ते मॅजेस्टिक, गिरगावातील ही दोन्ही चित्रपटगृहे आज अस्तित्वात नाहीत. चित्रपटांच्या जतनासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. ते चित्रपट ज्या घरांत पाहिले गेले, त्यांची नोंद ठेवणेही तितकेच अगत्याचे आहे.

आपल्या विभागाचे पुराभिलेख संचालनालय एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत, रीगलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या संचालनालयाकडे मुंबईतील एकपडदा चित्रपटगृहांच्या नोंदीचे काम सोपवावे, ही माझी विनंती आहे. मूळ आराखडे, परवान्यांची कागदपत्रे, तिकिटे, जाहिराती आणि आतील भागाची छायाचित्रे मालकांच्या संमतीने गोळा करावीत, आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. सुरुवात मुलाखतींपासून व्हावी, कारण कागद काही वर्षे थांबू शकतात, वृद्ध ऑपरेटर थांबू शकत नाहीत.

आपला,
एक चित्रपटप्रेमी नागरिक